शरणपूर ते नैरोबी : आफ्रिकेतली अनाथालयं आणि बाहेरून येणारे हात



गेल्या वेळी आपण 'दान' या कल्पनेबद्दल बोललो. आज त्याच कल्पनेचा एक अवघड तुकडा हातात घ्यायचा आहे. निमित्त अगदी साधं आहे. एका माजी विद्यार्थिनीच्या मुलीची मेल आली. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. लिहिते, "सर, सुट्टीत तीन आठवडे केनियातल्या एका अनाथालयात मुलांची सेवा करायला जाते आहे. त्यांना शिफारसपत्र हवंय, द्याल का?"

आता खरं म्हणजे अशा पत्राला काय लागतं? दहा मिनिटं. पण आम्हाला ते दहा दिवस लिहिता आलं नाही. का आलं नाही, त्याचं उत्तर म्हणजे आजचं व्याख्यान. आणि त्या उत्तराचा एक भाग इतिहासात आहे, एक भाग आमच्या स्वतःच्या आयुष्यात आहे. इतिहासापासून सुरुवात करू. आमचं काय झालं ते मागाहून सांगतो, कारण ते सांगायला थोडं धैर्य लागतं.

आधी शब्द बघा. 'अनाथ' म्हणजे ज्याला नाथ नाही तो. या शब्दात आई नाही, बाप नाही. नाथ म्हणजे सांभाळणारा, पाठीशी उभा राहणारा. ज्याची आजी खंबीर आहे ते पोर, आईबाप गेले तरी, या अर्थानं अनाथ नाही. उलट आईबाप जिवंत असूनही एखादं पोर अनाथ असू शकतं. पूर्व आफ्रिकेच्या स्वाहिली भाषेत 'यतिमा' म्हणतात. अरबीतून आलेला हा शब्द, आपल्याला 'यतीम' म्हणून ओळखीचा. आंतरराष्ट्रीय संस्थांच्या आकडेवारीत मात्र आई किंवा बाप यांपैकी एक जरी गेला असेल तरी मूल 'ऑर्फन'मध्ये मोजलं जातं. हा हिशेबाचा भाग आहे, पण याच हिशेबानं पुढे मोठा घोळ केला. तो लक्षात ठेवा, आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

नाशिकचा शरणपूर रोड

तुमच्यातले जे नाशिकचे असतील त्यांना शरणपूर रोड माहीत आहे. दुकानं आहेत, दवाखाने आहेत, रहदारी आहे. 'शरणपूर' हे नाव कुठून आलं, हे मात्र फार कमी लोक विचारतात. १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीनं तिथे एक वसाहत उभी केली. शरण आलेल्यांचं पूर, म्हणून शरणपूर. विल्यम सॉल्टर प्राइस नावाचे मिशनरी तिचे प्रमुख होते. आणि तिथे शरण आलेल्यांत, म्हणजे आणून ठेवलेल्यांत म्हणू, मोठ्या संख्येनं होती आफ्रिकी मुलं.

ही मुलं नाशिकला कशी आली? त्या काळी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलामांनी भरलेली गलबतं अरबस्तानाकडे, इराणच्या आखाताकडे जात. ब्रिटिश आरमार ती अडवत असे. गुलाम मुक्त केले जात. पण मुक्त करून ठेवायचं कुठे? त्यात लहान मुलं असत. त्यांचं गाव जळालेलं, आईबाप मेलेले किंवा दुसऱ्या गलबतात विकलेले. मुलांना आपलं गाव नकाशावर दाखवता येत नाही. मग जहाज मुंबईला यायचं, आणि काही मुलं तिथून नाशिकला.

म्हणजे बघा, आफ्रिकी मुलांसाठीचं एक महत्त्वाचं अनाथालय आफ्रिकेत नव्हतंच, ते गोदावरीच्या काठी होतं.

तिथे या मुलांना इंग्रजी शिकवत, धर्मशिक्षण देत, सुतारकाम, लोहारकाम, गवंडीकाम शिकवत. आणि नवी नावं देत. याओ जमातीचा एक मुलगा, त्याचं नाव चेंगविंबे. तो झाला मॅथ्यू वेलिंग्टन. आणखी एक झाला जेकब वेनराइट. त्यांची मूळ नावं कुणी मुद्दाम दुष्टपणानं पुसली, असं म्हणता येणार नाही. पुसणाऱ्यांना वाटत होतं की आपण जुनं दुःख पुसतो आहोत.

ही मुलं इतिहासात कुठे भेटतात? डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८६६ मध्ये आपल्या शेवटच्या प्रवासाला निघाले तेव्हा त्यांच्या तांड्यात नऊ 'नासिक बॉइज' होते. चुमा नावाचा आणखी एक तरुण होता. त्याला लिव्हिंग्स्टननीच काही वर्षांपूर्वी गुलामांच्या तांड्यातून सोडवलं होतं आणि मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्याकडे शिकायला ठेवलं होतं. हे तेच विल्सन, ज्यांच्या नावाचं कॉलेज चौपाटीवर आहे. पुढे १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियातल्या एका खेड्यात वारले. तेव्हा चुमा, सूसी आणि त्यांच्या सोबत्यांनी ते प्रेत दीड हजार किलोमीटरहून अधिक अंतर चालत किनाऱ्यापर्यंत आणलं. त्यांच्यात नाशिकचा जेकब वेनराइट होता. हृदय जिथे पुरलं तिथे प्रार्थना त्यानं वाचली, झाडावर अक्षरं त्यानं कोरली. १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत अंत्यविधी झाला तेव्हा शवपेटीजवळच्या मानकऱ्यांत तो होता. चुमा आणि सूसी, ज्यांनी सर्वांत जास्त केलं, ते इंग्लंडला पोचले तेव्हा अंत्यविधी उरकलेला होता.

हा प्रसंग आम्हाला नेहमी विचारात पाडतो. अनाथालयानं या मुलांना काय दिलं? भाषा दिली, हुन्नर दिला, जगाच्या इतिहासात एक जागा दिली. आणि काय घेतलं? परतायचं ठिकाण घेतलं.

ते कसं, तेही पाहू. मुंबईचे गव्हर्नर राहिलेले सर बार्टल फ्रिअर यांच्या खटपटीनंतर १८७३ मध्ये झांझिबारच्या सुलतानाशी करार झाला, तिथला गुलामांचा बाजार बंद झाला. मग मिशननं ठरवलं की मुक्त झालेल्यांची वसाहत आता आफ्रिकेतच करायची. नाशिकचे प्राइस १८७४ मध्ये मोंबासाला गेले. समोरच्या किनाऱ्यावर वसाहत उभी राहिली, तिला फ्रिअर यांच्या नावावरून 'फ्रिअरटाऊन' म्हणू लागले. नाशिक-मुंबईला वाढलेले शंभरांहून अधिक आफ्रिकी स्त्री-पुरुष तिथे गेले. तिथले लोक त्यांना काय म्हणत? 'बॉम्बे आफ्रिकन्स'. म्हणजे आपल्याकडे ते आफ्रिकी, आणि आफ्रिकेत गेले तर बॉम्बेवाले! विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर यांच्यासारखे त्यांच्यातले काही जण त्याच्याही आधी तिकडे गेले होते. १८८५ मध्ये त्या दोघांना पाद्रीपदाची दीक्षाही मिळाली. पण पगाराचा आणि अधिकाराचा प्रश्न निघाला की गोऱ्या मिशनऱ्यांशी त्यांचे खटके उडत. ज्यांना आपण वाढवलं, ते आपल्या बरोबरीनं बोलू लागले, हे वाढवणाऱ्यांना झेपत नव्हतं.

फ्रिअरटाऊनला एक घंटा होती. गुलाम पकडणारे येताना दिसले की ती वाजवायची. मोंबासात त्या चौकाला आजही 'केंगेलेनी' म्हणतात, घंटेपाशी. शरणपूर रोड आणि केंगेलेनी, दोन शहरांतली ही दोन नावं एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत. आपण त्यांच्यावरून रोज ये-जा करतो, एवढंच.

आजीच्या पदरापासून संस्थेच्या खाटेपर्यंत

फ्रिअरटाऊन हा अपवाद होता, हे ध्यानात घ्या. आफ्रिकेतल्या बहुतेक समाजांत अनाथालय नावाची वस्तूच नव्हती. आईबाप गेले तर मूल आजीकडे, काकाकडे, मावशीकडे जायचं. आईबाप असतानासुद्धा मुलं वर्ष-दोन वर्षं नातलगांकडे राहायची, शिकायला, कामाला, कुणाच्या सोबतीला. आपल्याकडे कोकणातला मुलगा मुंबईला मामाकडे राहून शिकायचा, तसंच. सगळं गोड होतं असं नाही. मामीच्या हातचा मार खाल्लेले लोक या श्रोत्यांतही असतील. पण पोर नात्याच्या जाळ्यात असायचं.

हे जाळं फाटलं ते एड्समुळे. १९८० आणि ९० च्या दशकांत रोगानं नेमकी मधली पिढी उचलली. वीस ते पंचेचाळीस वयाची, कमावती, मुलं वाढवणारी. मागे उरल्या आज्या आणि नातवंडं. एकेका आजीकडे पाच-पाच, आठ-आठ मुलं. या शतकाच्या पहिल्या दशकात सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत एड्समुळे आई किंवा बाप किंवा दोघंही गमावलेल्या मुलांची संख्या सुमारे १ कोटी २० लाख धरली जात होती.

या काळात काही माणसांनी जे केलं त्यापुढे आपण मान झुकवली पाहिजे. नैरोबीचं 'न्युंबानी' हे उदाहरण घ्या. न्युंबानी म्हणजे स्वाहिलीत 'घरी'. अँजेलो डि'अगोस्तिनो नावाचे जेझुइट पाद्री, पेशानं डॉक्टर, यांनी १९९२ मध्ये एच.आय.व्ही. असलेल्या, टाकून दिलेल्या बाळांसाठी ते सुरू केलं. त्यात एक वैद्यकीय गोष्ट होती. नवजात बाळाच्या रक्तात आईची प्रतिपिंडं असतात, म्हणून साधी चाचणी 'पॉझिटिव्ह' येते. पण त्यांतल्या बहुसंख्य बाळांना प्रत्यक्षात लागण झालेलीच नसते. दीड वर्षापर्यंत ते कळतं. म्हणजे निव्वळ एका कागदामुळे टाकून दिलेली निरोगी बाळं होती. त्यांना जगवलं तर ती सुटत होती. ज्यांना खरोखर लागण झाली होती, ती मात्र मरत होती, कारण औषध परवडत नव्हतं. वर्षाला दहा हजार डॉलरांच्या वर खर्च.

आणि इथे पुन्हा मुंबई येते. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या 'सिप्ला' कंपनीनं, डॉ. युसुफ हमीद यांनी, तीन औषधांचा हा उपचार सेवाभावी संस्थांना वर्षाला ३५० डॉलरांत देऊ केला. दिवसाला एक डॉलरपेक्षा कमी. न्युंबानीनं त्याच सुमारास जाहीर केलं की पेटंटवाले काहीही म्हणोत, आम्ही भारतातून औषध आणणार. त्याच वर्षी केनियानं कायदा बदलून स्वस्त औषधांना वाट करून दिली. पुढे न्युंबानीनं आणखी एक लढाई केली. सरकारी शाळा या मुलांना प्रवेश देत नव्हत्या, म्हणून संस्था कोर्टात गेली, आणि २००४ च्या जानेवारीत शाळांची दारं उघडली. आणि मग त्यांनी कितुई भागात एक गाव वसवलं, जिथे नातवंडं गमावलेल्या नव्हे, मुलं गमावलेल्या आज्या आणि आईबाप गमावलेली मुलं एकत्र, एका चुलीवर राहतात.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं, की पुढे आम्ही जे बोलणार आहोत त्याचा अर्थ 'अनाथालय म्हणजे वाईट' असा कुणी काढू नये. न्युंबानीनं काय केलं? औषध मिळवलं, शाळा मिळवून दिली आणि शेवटी मुलांना आजीकडे नेलं. यातल्या एकाही कामाला तीन आठवड्यांच्या पाहुण्याची गरज लागली नव्हती.

खाट भरण्याचं अर्थशास्त्र

आता दुसरी धार बघू. बाहेरच्या देशात जाऊन सेवा करणं ही आधुनिक कल्पना. ब्रिटनची 'व्ही.एस.ओ.' १९५८ ची, अमेरिकेची 'पीस कोअर' १९६१ ची. तिथे तरुण साधारण वर्ष-दोन वर्षं राहत, भाषा शिकत, बहुधा शिक्षक किंवा तंत्रज्ञ म्हणून काम करत. त्यावरही टीका झाली. इव्हान इलिच या विचारवंतानं १९६८ मध्ये मेक्सिकोत अमेरिकी तरुणांपुढेच भाषण करून त्यांना सांगितलं होतं की बाबांनो, पर्यटक म्हणून या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका. फार कडक बोलला तो.

पुढे विमानं स्वस्त झाली, आणि दोन वर्षांची सेवा दोन आठवड्यांवर आली. आता ती विकत मिळू लागली. पैसे भरा, विमानतळावर गाडी येईल, राहायची सोय, सकाळी मुलं, शनिवार-रविवार सफारी. सगळेच व्यवहार लबाडीचे नव्हते, नाहीत. पण व्यवहार म्हटला की त्याचा कायदा असतो. पैसा कशामागे जातो? खाटेमागे. देणगीदार विचारतो, किती मुलं आहेत? चाळीस सांगितली तर चाळीसांचे पैसे. मूल घरी परत गेलं तर एका मुलाचे पैसे कमी. मग संस्थाचालक कितीही सज्जन असो, मूल घरी पाठवायला त्याचा हात कचरणारच.

आणि मूल येतं कुठून? इथे तो सुरुवातीचा हिशेब परत येतो. 'कोट्यवधी ऑर्फन' हा आकडा ऐकून जगाला वाटलं, कोट्यवधी पोरं रस्त्यावर आहेत, खाटा वाढवा. प्रत्यक्षात त्यांतली बहुतेक मुलं आईकडे, आजीकडे, काकाकडे होती. त्यांना खाटेची गरज नव्हती, घरात धान्याची गरज होती. पण पैसा खाटेला आला. मग गरीब आईनं काय केलं? जिथे जेवण आहे, गणवेश आहे, शाळा आहे, तिथे पोराला नेऊन ठेवलं. तुम्ही-आम्ही तेच केलं असतं. जगभरच्या अनाथालयांतल्या दर पाचांपैकी चार मुलांचे आई किंवा बाप, निदान एक तरी, जिवंत आहे, असा 'सेव्ह द चिल्ड्रन'चा अंदाज आहे. म्हणजे आधी अनाथ आणि मग अनाथालय, हा क्रम उलटला. अनाथालय आधी आलं, अनाथ नंतर तयार झाले.

आमचे तीन आठवडे

आता आमची गोष्ट.

२००९ साली आम्ही दोघं नैरोबीला गेलो. निवृत्ती जवळ आली होती, भाचा तिथे नोकरीला होता. आमच्यापैकी एकानं आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, दुसरीनं शाळेत गणित. मुलं हा आमचा दोघांचा जिव्हाळ्याचा विषय. भाच्याच्या ओळखीनं शहराबाहेरच्या एका लहान अनाथालयात आम्ही तीन आठवडे रोज जात होतो. संस्थेचं नाव सांगण्याचं कारण नाही. तिथली माणसं वाईट नव्हती.

चाळीसएक मुलं, आणि त्यांना सांभाळायला दोन बायका. सकाळी उजी, म्हणजे पिठाची पातळ पेज. मग आम्ही पाढे शिकवायचो, गाणी म्हणायचो, कपडे धुवायला हात लावायचो. पहिल्याच दिवशी चार-पाच वर्षांची एक मुलगी येऊन बिलगली ती दुपारपर्यंत सोडेना. आम्हाला काय वाटलं सांगू? कृतार्थ वाटलं. इतकी वर्षं शंकराचार्य आणि कांट शिकवले, त्यात जे मिळालं नाही ते इथे मिळालं, असं आम्ही त्या रात्री भाच्याला सांगितलं. भाचा काही बोलला नाही.

दुसऱ्या रविवारी एक बाई केळी घेऊन आली. त्या मुलीची आई. आम्ही चकित. भाच्याला मध्ये घालून विचारलं. बाई लोकांचे कपडे धुवून गुजराण करत होती. प्राथमिक शाळा केनियात २००३ पासून फुकट आहे, पण गणवेश फुकट नव्हता, खोलीचं भाडं फुकट नव्हतं. आमच्या दोघांच्या विमानभाड्यात त्या मायलेकी कितीतरी वर्षं एका खोलीत राहिल्या असत्या. हा हिशेब आमच्यातल्या गणिताच्या बाईंनी त्याच रात्री मांडला. आम्ही तो पुन्हा कधी मांडला नाही. मांडवला नाही.

शेवटच्या दिवशी आम्हाला वाटलं, मुलगी रडेल. तिनं विचारलं, "परत कधी येणार?" आम्ही म्हणालो, लवकरच. शिक्षकी पेशातली दोन माणसं, आयुष्यभर मुलांना खरं बोला म्हणून शिकवलं, आणि एका लेकराशी तोंडावर खोटं बोललो. ती रडली नाही. त्याच सकाळी एक नवी पाहुणी आली होती, परदेशी तरुणी. आम्ही फाटकापाशी पोचेपर्यंत आमच्या मुलीनं, आमच्या कसली म्हणा, तिनं त्या नवीन मुलीचा हात धरला होता. अगदी तसाच, जसा तीन आठवड्यांपूर्वी आमचा धरला होता.

परत कधी गेलो नाही. दोन पत्रं पाठवली, मग तीही थांबली.

त्या हात धरण्याचा अर्थ आम्हाला तेव्हा कळला नाही. तो कळला पुढे वाचताना. आणि गंमत अशी, गंमत म्हणायचं का कळत नाही, तो अर्थ जगाला पहिल्यांदा आफ्रिकेतच दिसला होता. मेरी एन्सवर्थ नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाई १९५४ मध्ये युगांडात गेल्या. कंपालाजवळच्या खेड्यांत २६ कुटुंबांच्या घरी त्या महिनोन्महिने, ठरावीक अंतरानं जात राहिल्या आणि बाळं आईशी कशी वागतात ते टिपत राहिल्या. त्यांना दिसलं की बाळ कुणालाही सारखंच बिलगत नाही. त्याची काही ठरलेली माणसं असतात. आई असते, पण कधी आजी, कधी बाप, कधी मोठी बहीणही असते. त्या माणसाच्या भरवशावर ते दूर रांगत जातं, जग बघून येतं, घाबरलं की परत येतं. १९६७ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. मुलाच्या 'जडणी'बद्दल जॉन बोल्बी जे मांडत होते त्याला प्रत्यक्ष निरीक्षणाचा आधार मिळाला तो या गांडा आयांमुळे.

मग जे पोर दर तीन आठवड्यांनी येणाऱ्या प्रत्येक अनोळखी माणसाला पहिल्याच दिवशी बिलगतं, ते काय सांगत असतं? आम्हाला वाटलं होतं, ते प्रेम आहे. ती खरं म्हणजे जखम होती. २०१० मध्ये संशोधक लिंडा रिक्टर आणि एमी नॉर्मन यांनी 'एड्स-ऑर्फन पर्यटन' यावर लेख लिहिला आणि हेच दाखवलं. आधीच माणसं गमावलेल्या मुलांना आपण पुन्हा पुन्हा माणसं गमावायला लावतो. तो लेख वाचला तेव्हा आम्ही दोघं बराच वेळ एकमेकांशी बोललो नाही.

वारं फिरलं, पण...

इतिहास इथे थांबत नाही. २००९ मध्येच, आम्ही तिकडे होतो त्याच वर्षी, संयुक्त राष्ट्रांनी मुलांच्या पर्यायी संगोपनाची मार्गदर्शक तत्त्वं मान्य केली. आधी कुटुंब, संस्था शेवटचा उपाय, आणि निव्वळ गरिबीपायी मूल घरापासून तोडायचं नाही, हे त्यांचं सार.

रुवांडानं त्यावर कृती केली. १९९४ च्या नरसंहारानंतर तिथे अनाथालयं भराभर उभी राहिली होती, ती आवश्यकही होती. पण तात्पुरती सोय कायमची झाली. २०१२ च्या सुमारास पाहणी झाली तेव्हा ३३ संस्थांत ३,३२३ मुलं होती. सरकारनं ठरवलं की यांना घरी न्यायचं. स्वतःच्या घरी, नातलगांकडे, नाही तर मूल सांभाळायला तयार असलेल्या कुटुंबात. पुढच्या काही वर्षांत बहुसंख्य मुलं खरोखर घरी गेली. केनियानं २०१७ मध्ये नव्या बालसंस्थांची नोंदणी थांबवली, २०२२ मध्ये नवा बालकायदा केला आणि दहा वर्षांत संस्थांकडून कुटुंबांकडे जाण्याचा आराखडा आखला. त्याच्याही आधी, २००४ पासून, केनियात अनाथ मुलं सांभाळणाऱ्या घरांना रोख मदत देण्याचा प्रयोग सुरू झाला होता. तो वाढत गेला. महिन्याला २,००० शिलिंग. दिसायला किरकोळ रक्कम. पण आजीच्या हातात पडली की पोराला खाटेवर पाठवायची वेळ येत नाही.

हे सोपं आहे असं समजू नका. मूल घरी पाठवलं आणि मागे कुणी फिरकलंच नाही, तर त्या घरात मारही असू शकतो, उपासही. अपंग मुलांना घर मिळणं सर्वांत कठीण गेलं, रुवांडातही ती मागे राहिली. आणि संस्था बंद होते तेव्हा तिथल्या त्या दोन बायकांची नोकरी जाते. मुलांची सगळ्यांत टिकाऊ नाती त्यांच्याशी होती. येणारा प्रत्येक पाहुणा त्यांच्या डोक्यावरून हात घालून मुलाला उचलून घेत होता. आम्हीही.

मग करायचं काय?

आता तत्त्वज्ञानाचा माणूस बोलतोय म्हटल्यावर कांट येणारच. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नका, तो स्वतःच साध्य आहे, असं त्याचं सांगणं. आम्ही ते तीस वर्षं फळ्यावर लिहिलं. आणि नैरोबीला एका मुलीला आमच्या कृतार्थतेचं साधन केलं. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार आहेत. सात्त्विक दानाला देश, काल आणि पात्र पाहायला सांगितलं आहे. आपण 'पात्र' म्हणजे घेणारा लायक आहे का, एवढंच बघतो. आम्हाला वाटतं तो प्रश्न उलटाही विचारावा. देणारा लायक आहे का? त्याला भाषा येते का? तो थांबणार आहे का?

कुणी म्हणेल, आणि मागच्या वर्षी एकानं म्हटलंच, "सर, सिद्धान्त ठीक आहे, पण आज रात्री रडणाऱ्या पोराला उचलायला कुणीतरी हवं ना?" हवं. शंभर टक्के हवं. पण ते माणूस उद्या रात्रीही तिथे असलं पाहिजे. त्या दोन बायकांच्या जागी चार ठेवता आल्या, त्यांना नीट पगार देता आला, तर रात्री उचलणारे हात मिळतात. विमानभाड्याच्या पैशात ते होतं. ज्याला खरंच जायचं आहे, त्यानं हुन्नर घेऊन जावं. परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, हिशेबनीस, शिक्षकांचा शिक्षक. तिथल्या माणसांना शिकवावं, मुलांच्या आयुष्यात डोकावू नये. आणि देणगी देताना एकच प्रश्न विचारावा : गेल्या वर्षी तुमच्याकडची किती मुलं घरी गेली? या प्रश्नाला जी संस्था आनंदानं उत्तर देते, तिला पैसे द्यावेत.

आपल्या मुलीला आम्ही शेवटी काय लिहिलं? शिफारसपत्र लिहिलं नाही. एक लांब पत्र लिहिलं. त्यात आत्ता तुम्हाला सांगितलं तेच होतं, शेवटच्या दिवसाच्या त्या खोट्यासकट. तुझं मन चांगलं आहे, तेवढ्यानं भागत नाही, आमचंही चांगलंच होतं, असं लिहिलं. तिचं उत्तर आलं. रागावली होती थोडी. "सर, तुम्ही स्वतः जाऊन आलात आणि मला जाऊ नको म्हणता." बरोबर आहे तिचं. मग दोन आठवड्यांनी दुसरी मेल आली. तिच्याच गावाजवळ एक बालगृह आहे, तिथे चौकशी केली म्हणाली. तिथल्या अधीक्षिकेनं विचारलं, किती दिवस येणार? ही म्हणाली, तीन आठवडे. त्या म्हणाल्या, बाई, तीन वर्षं येणार असशील तर ये. ती विचार करते आहे. आम्ही वाट बघतो आहोत.

ती मुलगी, नैरोबीची, आता वीस-एकवीस वर्षांची असेल. साधारण तुमच्यातल्या कित्येकांच्या वयाची. कुठे आहे, आईकडे गेली की नाही, आम्हाला माहीत नाही. माहीत करून घ्यायचा अधिकारही आम्ही त्या फाटकापाशीच गमावला, असं वाटतं.

पुढच्या व्याख्यानात 'वचन' या विषयाकडे जाऊ. दिलेला शब्द माणसाला नेमका कशानं बांधतो, हा प्रश्न आहे. आता कारण तुमच्या लक्षात आलंच असेल. प्रश्न असतील तर विचारा, वेळ आहे.